इतर हक्कांचा रकाना

ज्यांचं कॉलेज ऑर्कुटच्या काळात झालं, त्यांना टेस्टिमोनियल हा प्रकार आठवत असेल. ऑर्कुटचं स्क्रॅपबुक म्हणजे सगळा उघडा मामला. कोण कुणाला काय म्हणालं ते कुणीही यावं आणि वाचावं. टेस्टिमोनियल मात्र समोरच्याने मंजूर केल्याशिवाय झळकत नसे. मित्राची जाहीर स्तुती करण्यासाठी काढलेली ही सोय आपल्या पोरांनी लगेच खासगी टपालासाठी वापरायला घेतली. मजकुराच्या डोक्यावर मोठ्या अक्षरांत 'ॲक्सेप्ट करू नकोस' असं लिहायचं आणि खाली काय असेल ते: प्रेमाची कबुली, उसने पैसे, सबमिशनची फाइल. दर वर्गात एक तरी महाभाग असा असायचा, की ज्याला पहिली ओळ वाचायची सवयच नव्हती. तो बेधडक ॲक्सेप्ट करून मोकळा व्हायचा आणि संध्याकाळपर्यंत ते प्रकरण मेसमधल्या वाढप्यापर्यंत पोचायचं.

३० सप्टेंबर २०१४ रोजी गूगलने ऑर्कुट बंद केलं. आपापलं सामान उचलून न्यायला दोन वर्षांची मुदतही दिली. दोन वर्षं मुदत मिळाली की ती शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवायची, ही आपली रीत; आणि त्या आठवड्यात नेमकं घरात कुणाचं तरी लग्न निघतं. माझ्या ओळखीतल्या एकानेही सामान हलवलं नाही. काही विवाहित मित्रांच्या चेहऱ्यावर तर त्या सुमारास निराळंच समाधान दिसत होतं. आता मुलं मोठी झाल्यावर तेच मित्र 'आपले जुने फोटो कुठे गेले रे?' म्हणून हळहळतात.

तसं ऑर्कुट एकटं गेलेलं नाही. त्याच्या आधी जिओसिटीज गेलं. तिथे आपल्या लोकांनी हौसेने पानं उभारली होती: डावीकडून उजवीकडे सरकणारा गणपती, डोळे मिचकावणारी अक्षरं, खाली 'आपण इतक्यावे पाहुणे' सांगणारा आकडा आणि मध्यभागी 'काम चालू आहे'ची पाटी. ते काम शेवटपर्यंत चालूच होतं. याहूने १९९९ मध्ये साडेतीन अब्ज डॉलरच्या वर मोजून जिओसिटीज घेतलं आणि २००९ मध्ये त्याला टाळं ठोकलं. गूगल प्लस २०१९ मध्ये गेलं. तेव्हा तिथे कुणीच नसल्यामुळे रडारड झाली नाही. मायस्पेसने त्याच वर्षी कळवलं, की २०१५ पर्यंत लोकांनी चढवलेली गाणी सर्व्हर बदलताना गहाळ झाली, गैरसोयीबद्दल क्षमस्व. याहू ग्रुप्स २०२० मध्ये. त्याबरोबर कित्येक शाळांच्या बॅचेसची भांडणं कायमची मिटली.

या सगळ्यात मला नवल वाटतं ते मराठी माणसाचं. मालकी या विषयात त्याला कुणी शिकवायला जाऊ नये. वीतभर बांध सरकला म्हणून तीन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवणारी ही जमात. सातबारा उतारा हातात आला की नंबर, क्षेत्र, आकारणी सगळं नजरेखालून घालून तो पहिल्यांदा बोट ठेवतो ते 'इतर हक्क' या रकान्यावर. तिथे कुणाचं नाव चढलंय? कूळ आहे का? सोसायटीचा बोजा उतरवला होता तो खरंच उतरला का? तिथे एक अनोळखी नाव दिसलं तर माणसाची झोप उडते, तलाठ्याकडे हेलपाटे सुरू होतात, फेरफार निघतात.

तोच माणूस फोनवर नवं ॲप घेतो, लांबलचक अटी अंगठ्याने सर्रकन वर ढकलतो आणि 'मान्य आहे' दाबतो. त्या अटी एकदा वाचून बघा. सुरुवात फार गोड असते. तुमचा मजकूर तुमचाच, तुमचे फोटो तुमचेच, मालकीला धक्का नाही. पुढच्या वाक्यात मात्र तुम्ही कंपनीला जगभर चालणारा, विनामोबदला, हस्तांतरणीय आणि पोटभाड्यानेही देता येण्याजोगा परवाना देता. म्हणजे भोगवटादाराच्या रकान्यात ठळक अक्षरांत आपलंच नाव आहे, कूळ मात्र अमेरिकेत बसलंय आणि ते आपण स्वतःच्या अंगठ्याने चढवलंय. तेही शेतजमिनीवर नाही, धाकट्याच्या मुंजीच्या फोटोंवर.

तर आपली स्वतःची वेबसाईट काढावी, जे लिहायचं ते आधी तिथे ठेवावं आणि मग हवं तर इकडे तिकडे वाटावं, असं मी ठरवलं. माझा भाचा हिंजवडीत नोकरीला आहे. संगणकाविषयी काही विचारलं की तो आधी एक दीर्घ श्वास घेतो.

"मामा, तुम्हाला डायनॅमिक हवीय की स्टॅटिक?"

"चालू हवीय," मी म्हटलं.

त्याची स्वतःची वेबसाईट आहे आणि दिसायला अतिशय देखणी आहे. तिच्यावरचा पहिला लेख 'ही वेबसाईट मी कशी बनवली' असा आहे. दुसरा लेख 'ही वेबसाईट मी पुन्हा नव्याने कशी बनवली' असा आहे. तिसऱ्याची तयारी चालू आहे. हा एकट्या त्याचा दोष नाही. संगणकवाल्यांच्या बहुतेक खासगी वेबसाईटींवर हेच वाङ्मय सापडतं. माझी पंचाईत उलटी होती. माझ्याकडे लेखांचा ढीग होता आणि ते ठेवायला फळी नव्हती.

पण भाच्याने एक गोष्ट पटेल अशी सांगितली. साधं एचटीएमएल लिहा, मामा, ते मरत नाही. स्वित्झर्लंडमधल्या सर्न या संस्थेत टिम बर्नर्स-लीने पहिलं वेबपान केलं आणि १९९१ मध्ये ते बाहेरच्या जगाला दाखवलं. सर्नने जपलेली त्याची प्रत आजच्या मोबाईलवरही बिनतक्रार उघडते. आणि आपलं एखादं ॲप दोन महिने उघडलं नाही, तर आधी 'अपडेट करा' म्हणतं, मग फोनच जुना झाला म्हणतं. सर्नने १९९३ मध्ये वेबवरचा आपला हक्क सोडून ते सगळ्यांना फुकट वापरू दिलं. ज्याने ही सदावर्ताची सोय केली तोच बर्नर्स-ली आता सॉलिड नावाचा प्रकल्प काढून लोकांना समजावत फिरतोय, की बाबांनो, आपला डेटा आपल्याकडे ठेवा. उत्तरायुष्यात स्वतःच्याच सभागृहात चपला सांभाळायची पाळी यावी, तसंच हे.

पहिली अडचण नावाची. माझं नाव-आडनाव जोडून डॉट कॉम आधीच गेलेलं होतं. तिथे माझ्याच नावाचे एक दंतवैद्य हसत उभे होते, तिकडे न्यू जर्सीत. आपल्या आडनावांची गंमत अशी, की एका गावातून निघालेल्या घराण्याची निम्मी माणसं आता डॉट कॉम अडवून बसलेली आहेत. मग कळलं, की २०१४ पासून 'डॉट भारत' असा देवनागरी पत्ताही मिळतो. मला हर्ष झाला. नाव मराठीत, आडनाव मराठीत, पुढे भारत. शिवाय शुद्धलेखनाच्या इतिहासात प्रथमच पहिली-दुसरी वेलांटी चुकल्याची खरीखुरी शिक्षा होणार होती: वेलांटी चुकली की दुसऱ्याच्या घरात. पण इंटरनेटच्या पोटात देवनागरी पत्ता रोमन अक्षरांत बदलून ठेवतात. नुसत्या 'भारत'चं तिथे 'एक्सएन, दोन रेघा, एचटूबीआरजेनाइनसी' होतं. हा अवतार मी मेहुण्याला पाठवला. त्याने ताबडतोब फोन केला, "तुमचा फोन हॅक झालाय. कुणाला ओटीपी देऊ नका." शेवटी आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एक जादा 'ए' घालून डॉट इन घेतलं.

घेतलं म्हणजे काय, तर भाड्याने घेतलं. डोमेन कुणी विकत देतच नाही. वर्षाचे पैसे भरा, फार तर एका वेळी दहा वर्षांचे भरा, पुढे पुन्हा भरा. पहिल्या वर्षी भाडं वडापावइतकं, दुसऱ्या वर्षी थाळीइतकं. विसरलात तर नाव बाजारात. हे मोठमोठ्यांचं होतं. १९९९ च्या डिसेंबरात मायक्रोसॉफ्ट आपल्या पासपोर्ट डॉट कॉमचे पैसे भरायला विसरली आणि ऐन नाताळात लोकांना हॉटमेल उघडेना. शेवटी अमेरिकेतल्या एका प्रोग्रामरने स्वतःच्या कार्डावरून ३५ डॉलर भरून जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपनीची लाज राखली. मी ही गोष्ट घरात सांगितली तेव्हा बायको म्हणाली, "आणि तुम्ही मला गॅसचं बुकिंग विसरले म्हणून बोलता."

नाव नोंदवून चहा प्यायला बसलो तोच फोन वाजला. "सर, वेबसाईट डेव्हलप करायची आहे का?" मी नाही म्हणून ठेवला. दुसरा आला. तिसरा इंदूरहून. चौथीला माझं नाव, ईमेल आणि मी नेमकं काय नोंदवलं ते सगळं पाठ होतं. स्वतःचा डेटा स्वतःच्या ताब्यात घेण्याच्या दिशेने टाकलेल्या पहिल्या पावलालाच माझा नंबर चार गावांत पोचला होता. एकाला मी चिडून विचारलं, "तुम्हाला माझा नंबर दिला कुणी?" तो शांतपणे म्हणाला, "सर, तुम्हीच भरलाय."

आता वेबसाईट ठेवायची कुठे? भाच्याचं म्हणणं, मालकी म्हणजे मालकी, घरातच ठेवू. त्याने काड्यापेटीपेक्षा जरा मोठा, रास्पबेरी पाय नावाचा संगणक आणला. वायफायचा डबा स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे असल्यामुळे हा संगणकही ओट्याच्या टोकाला, मिक्सरशेजारच्या प्लगवर विराजमान झाला. लाल दिवा लागला. भाचा म्हणाला, "मामा, आता तुमचा डेटा कुणाच्या बापाच्या हातात नाही." ते अगदी खरं होतं. तो माझ्या बायकोच्या हातात होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आतून आवाज आला, "अहो, तुमची ती वेबसाईट जरा काढा, मला मिक्सर लावायचाय." खोबऱ्याची चटणी वाटून होईपर्यंत अखिल विश्वाला माझे लेख उपलब्ध नव्हते. इडली असेल त्या दिवशी जास्त वेळ. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते त्या दिवशी तर सुट्टीच. मला हे खरं तर आवडलं होतं, घराशी इतकी एकरूप वेबसाईट दुसरी नसेल. पण कामवाल्या मावशींनी तो डबा ओल्या फडक्याने पुसला आणि प्रयोग संपला. आता माझे लेख कुठल्याशा कंपनीच्या सर्व्हरवर भाड्याने असतात. प्रती मात्र माझ्याकडे आहेत. कंपनी उद्या रुसली तर त्याच फाइल उचलून दुसरीकडे ठेवता येतात, पत्ता तोच राहतो. मालकी-मालकी म्हणतात ती बहुधा एवढीच असते: निघून जायची मुभा.

पण प्रती आपल्याकडे असणं म्हणजे काय, याचं एक प्रकरण घरातच निघालं. वडील निवृत्तीनंतर लिहायचे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी ते हस्तलिखित अप्पा बळवंत चौकाजवळच्या डीटीपीवाल्याला द्यायचे आणि तो टाइप करून प्रिंट आणि सीडी हातावर ठेवायचा. ती सीडी आम्ही जपली होती, देवघराच्या खणात, वडिलांच्या चष्म्याशेजारी. ती कुठल्या कंपनीच्या ताब्यात नव्हती, तिला कुणाच्या अटी नव्हत्या. ती वाचणारं यंत्र शोधून आणलं, फाइल उघडली. पडद्यावर डॉलर, पौंड, कंस, टक्क्याचं चिन्ह, मध्येच एखादं उलटं प्रश्नचिन्ह. वडील आयुष्यात इतकं अर्वाच्य कधी बोलले नव्हते.

त्या काळात सगळ्या लिप्यांना सामाईक असं युनिकोड नव्हतं असं नाही. १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला त्यात जागा मिळाली होती. पण डीटीपीचं दुकान चालायचं ते वेगळ्याच हिशेबावर. इंग्रजी अक्षरांच्या खोल्यांमध्ये देवनागरीचे तुकडे कोंबलेले: कुठे काना, कुठे अर्धा श, कुठे रफार. कोणत्या खोलीत कोण राहतं ते त्या एका फॉन्टलाच ठाऊक. दुसऱ्या कंपनीच्या फॉन्टने बिऱ्हाडं वेगळी बसवलेली. फॉन्ट गेला की मराठी गेली.

फॉन्ट बदलून देणारी साधनं आता मिळतात. त्यातलं एक फुकटचं वापरलं. मजकूर मराठीत आला, पण पहिल्या वेलांट्यांनी दगा दिला. जुन्या फॉन्टमध्ये ही वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करायची, कारण ती दिसते आधी. युनिकोडमध्ये ती साठवायची नंतर, कारण उच्चार नंतर. हे ज्या साधनाला कळत नाही ते 'कवि'चा 'किव' करतं. रफाराचंही तेच. 'कार्यालय'चं 'कायार्लय', 'सर्व'चं 'सवर्'. सरकारी पीडीएफमधून मजकूर उचलला तरी हीच भाषा निघते; मला वाटतं ती आता राजभाषा म्हणून जाहीर करायला हरकत नाही. वडिलांचे लेख ओळीओळीने दुरुस्त केले. काही ठिकाणी मूळ शब्द काय असेल यावर आई आणि मी वाद घातला. आई म्हणायची, "त्यांना असं म्हणायचं नसणार." मी विचारायचो, "मग काय म्हणायचं असेल?" त्यावर ती जे सांगायची ते वडिलांच्या मतांच्या पूर्ण विरुद्ध असायचं. निम्म्या लेखांत आता आईची मतं आहेत. वाक्यं सुधारली आहेत.

मेल्यानंतर आपल्या डेटाचं काय, याचा विचार सरकारनेही केला आहे. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्यात नामनिर्देशनाची तरतूद आहे. आपल्या पश्चात आपल्या डेटाचे हक्क कुणी बजावायचे ते नेमण्याची ती सोय. सोसायटीचा नॉमिनेशन फॉर्म तीन प्रतींत भरणाऱ्या वर्गाला ही कल्पना आवडायला हवी. मी मुलाला उत्साहाने विचारलं, वेबसाईटला तुझं नाव लावू का? तो म्हणाला, "बाबा, एफडीला लावा ना."

वेबसाईट सुरू झाली, तेव्हा कोण येतं-जातं ते बघायचा नाद लागला. आकडे झकास होते. रोज येणारे-जाणारे, मध्यरात्री येणारे, एकेक लेख सेकंदाच्या आत वाचून संपवणारे. मी हरखून गेलो होतो. भाच्याने ती यादी पाहिली आणि सांगितलं, हे सगळे बॉट आहेत. शोधयंत्रांचे, आणि आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपन्यांचे, जे येतात आणि मजकूर घेऊन जातात. त्यांना थांबवायला रोबोट्स डॉट टीएक्सटी नावाची फाइल ठेवायची असते, १९९४ पासूनचा रिवाज आहे. तिच्यात 'आत येऊ नये' असं लिहायचं. मी विचारलं, "आणि तरी आले तर?" "मग आले." ती विनंती आहे, कुलूप नाही. मी फाइल ठेवली नाही. इतक्या तन्मयतेने कुणीतरी वाचतंय, त्याला हाकलायला मन होईना.

माणसं आणण्यासाठी शेवटी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच गेलो. म्हणजे ज्यांच्या तावडीतून सुटायला वेबसाईट काढली त्यांच्याच दारात तिची पत्रकं वाटायची. लेख होता भाजीवाल्याकडच्या बोलक्या डब्याविषयी. कोथिंबिरीसाठी घासाघीस करून आपण दहा रुपये वाचवल्याच्या आनंदात असतो आणि तो डबा भर गल्लीत 'पंधरा रुपये प्राप्त झाले' असं ओरडून आपली किंमत जाहीर करतो, अशा धर्तीचा. लिंक टाकली. तीन अंगठे आले, एक जोडलेले हात आले. लिंक कुणी उघडली नव्हती. काका म्हणाले, "लिंक कोण उघडतो रे? व्हायरस असतो. इथेच टाक की." मग सगळा लेख तिथेच चिकटवला.

पुढचा आठवडा शांततेत गेला. मग नागपूरच्या आत्याकडून तोच लेख मला आला. वर गुलाबाचं फूल, खाली 'आवडल्यास पुढे पाठवा', मधला एक परिच्छेद कुणीतरी कापलेला (लेख त्यामुळे आटोपशीर झाला होता, हे वेगळं) आणि शेवटी नाव: पु. ल. देशपांडे. व्हॉट्सॲपवर विनोदी काही आलं की ते पुलंचं आणि हळवं आलं की व. पु. काळ्यांचं, हा नियमच आहे. पण स्वतःवर पाळी आल्यावर मी आत्याला फोन लावला.

"आत्या, अगं हा लेख माझा आहे. माझ्या वेबसाईटवर आहे, तारखेसकट."

"असं कसं? खाली नाव आहे ना त्यांचं."

"पु. ल. गेले २००० साली. हे यूपीआयचं सुरू झालं २०१६ मध्ये. ते कुठून लिहितील?"

आत्या क्षणभर गप्प झाली. मग तिचा आवाज भरून आला.

"म्हणूनच तर तो माणूस मोठा. किती पुढचं दिसायचं रे त्यांना! एक काम कर, तू ती वेबसाईट काढलीयस ना, तिच्यावर असं काहीतरी चांगलं टाक. हाच टाक. फक्त नाव त्यांचं लिही बरं का, नाहीतर ठोकून देशील स्वतःचं."